डबल बेल

२२ नोव्हेंबर

दुपारी साडेतीनला आली. आल्या आल्या शिलाई मशीनच्या खाली शिरली, ती रात्रीचे दहा वाजले तरी तिथेच आहे. ज्वारीची भाकरी कुस्करून बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात भिजवून ठेवली होती. तिला तोंड लावलं नाही. पाणीही नाही. फक्त डोळे हलतात. मी स्वयंपाकघरात गेले की माझ्यामागे, हे उठले की ह्यांच्यामागे.

मेढ्याच्या रस्त्याला, कण्हेर धरणाच्या पुढे, एका मोरीच्या कठड्याशी ती जवळजवळ महिनाभर बसून होती. ज्या मुलांनी तिला उचलून आणलं आणि बरी केली, त्यांनी सगळं सांगितलं. वस्तीवरचे लोक भाकरी टाकायचे, ती खायची आणि परत कठड्याशी जाऊन बसायची. मोटार दिसली की उभी राहायची, मोटार निघून गेली की बसायची. एसटीकडे, ट्रॅक्टरकडे, दुचाकीकडे मान वळवायची नाही. गळ्याभोवती पट्ट्यानं घासलेली जागा अजून उघडी आहे. म्हणजे घरातलीच होती. गाडीत घालून आणली, दार उघडलं, ती उतरली, दार लागलं.

रंग तांबूस, चारी पायांत पांढरे मोजे, वजन १४.५ किलो. दातांवरून डॉक्टरांनी वय अडीच-तीन वर्षं सांगितलं. रेबीजची लस झाली आहे, नसबंदीची शस्त्रक्रियाही झाली आहे.

संध्याकाळी समोरच्या वहिनी डोकावून गेल्या. "कुत्री कशाला घेतलीत हो बाई? घ्यायचाच होता तर कुत्रा घ्यायचा." हे वाक्य घरोघरी बोललं जातं, म्हणूनच माद्या रस्त्यावर येतात. पिल्लं नकोत म्हणून आधी त्यांनाच सोडलं जातं, आणि रस्त्यावर गेल्यावर पिल्लं व्हायची ती होतातच. वहिनींना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

२३ नोव्हेंबर

रात्री दोनच्या सुमाराला चपचप पाणी प्यायल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही जागे होतो. दोघंही हललो नाही.

२५ नोव्हेंबर

नाव ठरलं. वेण्णा महाबळेश्वरहून उतरते, मेढ्यावरून, कण्हेरमधून खाली येते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. हीसुद्धा त्याच वाटेनं आली. शाळेत भूगोल शिकवताना ही नदी मी फळ्यावर किती वेळा काढली असेल! हे म्हणाले, "नदीचं नाव कुत्रीला चालतं का?" मला चालतं. हाक मारायला वेणू.

कुत्री सांभाळणारे लोक एक हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस नुसत्या भीतीचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, आणि हे घर आपलं आहे असं वाटायला तीन महिने. प्रत्येक कुत्र्याचं असंच होईल असं नाही. पण या हिशेबामुळे माणसं घाई करत नाहीत, हा त्याचा मोठा उपयोग. म्हणून अजून पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, जवळ घेणं नाही. ती वारंवार जांभया देते तेव्हा मला वाटायचं की झोप आली. त्या मुलांनी समजावलं, झोप नसताना आलेली जांभई ही घाबरल्याची खूण आहे. ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं, शेपूट पोटाशी घेणं, ह्याही त्याच खुणा. इतकी वर्षं गल्लीतली कुत्री पाहते आहे, पण हे वाचायला कधी शिकलेच नव्हते.

आज मशीनखालून चार पावलं बाहेर आली. भाकरी खाल्ली.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा काढून वाचला. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. दोनदा वाचलं. आकडा तोच आहे.

३० नोव्हेंबर

पहिलं फिरणं. पहाटे सहाला पेढ्याच्या भैरोबाच्या वाटेवर गेलो. रस्त्यावर ती भिंतीला चिकटून चालते. डांबर संपून गवत लागलं तशी अंगातली ताठरता जराशी उतरली. एका दगडाचा वास घेत पुरती पाच मिनिटं उभी होती. ओढायचं नाही असं ठरवून गेले होते, त्यामुळे मीही उभी राहिले. खाली शहर धुक्यात होतं, पलीकडे अजिंक्यताऱ्याची कडा तेवढी वर. पाऊण तासात आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर चाललो असू. पण शेपूट पोटाखालून निघून मागे सरळ लोंबत होती.

घरी आल्यावर पाहते तर चारी मोजे कुसळांनी भरलेले. डोंगरावरचं गवत आता वाळलं आहे. कुसळाच्या पुढच्या टोकाला अणकुचीदार दाणा आणि मागे पिळलेला लांब केस असतो. दवानं भिजला की पीळ उलगडतो, उन्हात वाळला की परत वळतो, आणि अशा वळण्या-उलगडण्यातून दाणा स्वतःला जमिनीत रोवत जातो. वर्गात हे मी मोठ्या कौतुकानं शिकवायचे. तोच दाणा कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरला की तसाच आत आत जातो, पू होतो, कापून काढावा लागतो. पाय बघायला हवेत, पण ती पायाला हात लावू देत नाही. शेवटी जमिनीवर तिच्या शेजारी बसले आणि भाकरीच्या एका तुकड्यामागे एक कुसळ असं काढत गेले. दीड तास लागला. मागचा उजवा पाय राहिला.

४ डिसेंबर

आता गाडीचं.

ह्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली. सगळी उमर दुसऱ्यांना त्यांच्या गावी पोचवण्यात गेली. वाटेत एखादं ठिकाण आवडलं म्हणून थांबले, असं एकदाही झालं नाही. निवृत्त झाल्यावर ह्यांना एकच हौस होती. श्रावणात जुनी पाच आसनी इको घेतली आणि स्वतः मापं काढून सुताराकडून प्लायवूडचा घडीचा पलंग करून घेतला. परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून पत्र्याला एक भोक पाडलेलं नाही. मागचं आसन पुढे दुमडायचं, पलंग उचलून ठेवायचा, घरी आलं की काढायचा. पलंगाखाली दोन खोकी, २० लिटरचा पाण्याचा कॅन, छोटी शेगडी. खिडक्यांना डासांची जाळी आणि माझ्या जुन्या सुती साड्यांचे पडदे. कॅम्पर व्हॅन म्हणून मासिकात फोटो येतात तसल्या गाडीपुढे ही अगदी साधी, पण आम्हा दोघांना पुरते. आता तिघांना पुरवायची आहे.

आज ह्यांनी ती फाटकापाशी आणून उभी केली. वेणूनं ती बघितली आणि जागेवर मुतली. मग मशीनखाली.

तिच्या लेखी मोटार म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं.

१७ डिसेंबर

तेरा दिवसांचं काम एका पानात लिहिते आहे. गाडी हलवायची नाही, इंजिन सुरू करायचं नाही. पहिल्या दिवशी खाण्याची थाळी गाडीपासून पंधरा फुटांवर. मग बारा. मग आठ. आठाला दोन दिवस अडलो, परत दहावर गेलो. नवव्या दिवशी थाळी उघड्या दाराच्या उंबऱ्याशी. अकराव्या दिवशी आत, गोधडीवर. तिनं मागचे दोन पाय जमिनीवरच ठेवून, अंग ताणून खाल्लं. परवा चारी पाय आत.

आज इंजिन. ती बाहेर असताना इंजिन सुरू होताच थरथरली. आत बसलेली असताना सुरू केलं तर कान मागे पडले, पण बसून राहिली. हे लगेच म्हणाले, "म्हणजे तिला इंजिनची भीती नाही. आपण बाहेर आणि इंजिन चालू, ह्याची आहे." एसटीतल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. एसटीत सगळे चढल्याशिवाय कंडक्टर डबल बेल देत नाही, आणि डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही. ह्यांनी नियम घालून दिला: आधी वेणू चढणार, मग मी, मग मी पत्र्यावर दोन थापा मारायच्या, त्यानंतरच किल्ली फिरणार. थांबायचं असेल तेव्हा एक थाप. उतरताना आधी मी, पट्टा माझ्या हातात, मग ती.

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. तिच्या तोंडातून लाळेची धार लागली होती, पण उलटी झाली नाही.

२१ डिसेंबर

खाणं बंद, अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं. प्लेटलेट ६२,०००. गोचीड तापच निघाला, एर्लिकिया. मोरीवरच्या त्या महिन्यातला गोचीड असणार. जंतू अंगात दडून राहतो आणि आठवड्यांनी वर येतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस, जेवणाबरोबर. दूध-पनीर नाही, त्यातल्या कॅल्शियमनं औषध अंगी लागत नाही. ताप उतरला तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

फिरणं बंद. गाडी बंद.

आज पहिल्यांदा तिनं मागचा उजवा पाय माझ्या हातात राहू दिला. अंगात त्राण नव्हतं म्हणूनही असेल.

३ जानेवारी

ताप जाऊन आठवडा झाला. गाडीनं लिंबच्या बाजूला जाऊन शेतांमधून चाललो. कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवलेली होती, दोनशे तरी असतील. माण, खटाव, फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात आणि घाट उतरून कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांपर्यंत जातात. पावसाच्या तोंडाला माघारी. वाटेत ज्याच्या शेतात मेंढरं बसतील त्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. ह्यांनी वेणूचा पट्टा आखडून घेतला. मेंढरामागे कुत्रं धावलं की गाभण मेंढी टाकते, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

पण धावून आली ती त्यांचीच दोन कुत्री. मी वेणूला मागे ओढायला लागले, तसा त्यांच्यातला म्हातारा बांधावरून ओरडला, "मागं घिऊ नगा आक्का! मागं घेतली की अंगावर येत्यात. हुबं ऱ्हावा." आम्ही उभे राहिलो. तिघं एकमेकांभोवती ताठ पायांनी फिरली, वास घेऊन झाले, आणि ती दोघं परत कळपाकडे गेली. वेणूनं सबंध अंग झाडलं, ओली झाल्यासारखं.

म्हातारबा जवळ आले. कुठली म्हणून विचारलं. टाकून दिलेली होती, असं मी सांगितलं.

"टाकून म्हंजी? हरवली व्हय?"

नाही, गाडीतून आणून सोडली.

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमचं कुत्रं म्हातारं झालं तरी वाड्याबरुबर चालतं. चालायचं ऱ्हायलं तर घोड्यावर टाकतो." मग तिच्या कानामागे हात लावून गेले. परक्या माणसाला तिनं असा हात लावू दिला, ही पहिलीच वेळ.

१० जानेवारी

गाडीतली पहिली रात्र. लांब नाही, लिंबलाच, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात. संध्याकाळी बारामोटेच्या विहिरीवर गेलो. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. जिन्यानं खाली उतरायला वेणूनं नकार दिला. वरच्या दगडी कमानीत मी तिच्याबरोबर बसले, हे एकटे पाण्यापर्यंत जाऊन आले. खालून त्यांनी हाक मारली ती घुमून वर आली, तेव्हा तिनं आधी विहिरीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. हे वर आल्यावर शेपूट हलली. ह्यांच्यासाठी हललेली पहिली शेपूट. ह्यांनी चष्मा पुसला.

विद्यार्थ्यानं निक्षून सांगितलं, "बाई, रात्री तिला उसाकडं न्यायचं नाही. लागलं तर गाडीच्या दाराशीच, दिवा लावून." बिबट्या आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं होतं. वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या पट्ट्यात उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट.

तिची गोधडी पुढच्या आसनामागे घातली. ती बसूनच राहिली, नाक जाळीला लावून. घुबड बोललं की कान तिकडे, पाटाचं पाणी सुटलं की तिकडे. मला मधेच जाग यायची तेव्हा तिची तीच आकृती. तीनच्या पुढे कधीतरी ती पलंगावर चढली, माझ्या पायांशी तीन गिरक्या घेतल्या आणि दाणकन आडवी झाली. सकाळपर्यंत मी कूस बदलली नाही. आत्ता हे लिहिताना मांडी आखडली आहे.

२४ जानेवारी

संगम माहुली. घरापासून गाडीनं पंधरा मिनिटं, त्यामुळे पहाटेच. कृष्णा-वेण्णेचा संगम वेणूला दाखवायचा, ही माझी हौस. पण खरं बघायचं होतं ते दुसरंच. इथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला. त्याबद्दल महाराजांनी कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला, असं साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. डफनं ते राजाचा विक्षिप्तपणा म्हणून सांगितलं. मला त्यात विक्षिप्त काही दिसत नाही. जीव वाचवणाऱ्या शिलेदाराला गाव मिळायचं, मग ह्यानं काय कमी केलं होतं?

साताऱ्यात जन्मलेल्या किती मुलांना ही समाधी माहीत आहे? मीही वर्गाच्या सहली माहुलीला आणल्या त्या घाट आणि देवळं दाखवायला. एकदाही इथे थांबवलं नाही.

वेणू समाधीजवळ ऊन खात बसली. शेवटची गोळी गेल्या आठवड्यात संपली. वजन १६ किलो.

६ फेब्रुवारी

हे पान लिहायला जड जातं आहे.

सकाळी कोकणात निघालो. पाटणपर्यंत छान. ती जाळीला नाक लावून बसली होती, लाळ जवळजवळ नव्हती. कोयनानगरच्या अलीकडे चहाला थांबलो. मी तिला घेऊन पलीकडच्या नळावर पाणी पाजत होते. गाडीवर ऊन आलं म्हणून ह्यांनी ती सावलीत घेतली. चाळीस फूट असेल, जास्त नाही. थाप नाही, हाक नाही, नुसती किल्ली फिरवली.

ती भुंकली नाही. ओरडली. असा आवाज मी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पट्टा माझ्या हातातून सुटला आणि ती त्या रस्त्यावरून, ट्रकच्या मधून, गाडीमागे धावली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. ह्यांनी गाडी थांबवून दार उघडलं तशी उडी मारून आत गेली आणि पलंगाखालच्या खोक्यांच्या मागे, जिथे मांजर मावणार नाही तिथे, शिरली.

चूक आमची होती. नियम आम्ही केला, तिला शिकवला, आणि दोन महिन्यांत सवयीचा झाला म्हणून आम्हीच विसरलो. तिनं तो शब्दन्‌शब्द पाळला होता.

हे रस्त्याकडेच्या दगडावर बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत माझी गाडी कधी प्रवासी टाकून गेली नाही गं."

परतायचं का, असं मी विचारलं. नको म्हणाले. आता परतलो तर प्रवास म्हणजे हेच, असं तिच्या डोक्यात राहील.

कुंभार्ली घाट ह्यांनी इतका हळू उतरवला की मागच्या गाड्यांची रांग लागली.

७ फेब्रुवारी

गुहागर. एका वाडीत जागा मिळाली. मालकीणबाईंनी आधी गाडी माडाखालून काढायला लावली, नारळ पडून टप फुटते म्हणून. पोफळीशेजारी, विहिरीजवळ लागली. वेणू खात नाही. गाडीतून उतरतही नाही. उतरवलं तर शी-शू करून लगेच आत. आम्ही एकेकटे जेवून आलो, एक जण कायम तिच्याजवळ. हे तसं नेहमीचंच. बंद गाडीत उन्हात दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं, त्यामुळे तिला आत ठेवून दोघांनी जेवायला जाणं आम्ही कधीच करत नाही. आज मात्र कारण वेगळं होतं.

८ फेब्रुवारी

मालकीणबाईंनी उकड्या तांदळाचा मऊ भात आणि काटे काढलेला उकडलेला बांगडा पाठवला. "तिला म्हणावं, कोकणात येऊन उपाशी राहू नये." गाडीच्या दाराशी ठेवला. खाल्ला. थाळी ढकलत दोन फूट पुढे नेली इतकी चाटली.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. पट्टा लांब, पण हातात. इथे या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालून जातात, आणि मोकळी कुत्री ती उकरून खातात. आपल्या कुत्रीवर कितीही माया असली तरी या किनाऱ्यावर तिला सोडून द्यायचा हक्क आपल्याला नाही.

समुद्र तिला समजला नाही. लाट आली की मागे, गेली की पुढे, परत मागे. एकदा चाखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. खारं पाणी पोटात गेलं तर जुलाब होतात, म्हणून बाटलीतलं गोडं पाणी लगेच दिलं. नंतर ओल्या वाळूत पोटापुरता खड्डा उकरून त्यात पसरली. सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिघं एका ओळीत बसलो. कुणी काही बोललं नाही.

गाडीपाशी आल्यावर ती चढली, मी चढले, मी दोन थापा दिल्या. कुठे जायचं नव्हतं. ह्यांनी तरी किल्ली फिरवली, गाडी हातभर पुढे घेतली, आणि मागे आणून लावली.

१८ फेब्रुवारी

घरी आल्यापासून रोजचा एकच अभ्यास. समोरच्या मैदानात मी वेणूला घेऊन उभी राहते. ह्यांनी मला दिसेल असा हात वर करायचा, मी पत्र्यावर एक थाप मारायची, म्हणजे आपण दोघी थांबायचं आहे. मग गाडी पाच फूट जाते आणि परत येते. दोन थापा, चढायचं, चक्कर.

पहिल्या दिवशी पाच फुटांनाही रडली. चौथ्या दिवशी दहाला फक्त कुंईकुंई. आज गाडी मैदानाच्या टोकापर्यंत गेली. तिनं पट्टा ताणला, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी इथेच होते. तिनं पट्टा सैल सोडला.

समोरच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या. संध्याकाळी शिळी भाकरी घेऊन आल्या. "तिला देऊ का?"

२७ फेब्रुवारी

गाडी वळणाआड गेली. दिसेनाशी झाली. मी मनात आकडे मोजत होते. चाळीसपर्यंत आले होते. वेणू खाली बसली, तोंड वळणाकडे. मला काही ऐकू येण्याआधी तिचे कान उभे राहिले.

१४ मार्च

वन्संच्या नातवाचं बारसं, मेढ्याला. इतके दिवस आम्ही तो रस्ता टाळला होता. तिला घरी ठेवावं का, यावर दोन रात्री बोललो. वन्सं फोनवर म्हणाल्या, "वेणूला आणल्याशिवाय येऊ नको वहिनी." म्हणून निघालो.

मी मागे, पलंगावर, तिच्याजवळ बसले. पट्टा हाताला दोन वेळा गुंडाळला. खिशात भाकरीचे तुकडे. मोरी आली की काय करायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं: पडदा ओढायचा, की उघडा ठेवून तिला बघू द्यायचं, रडली तर थांबायचं की नाही. कण्हेरचं पाणी दिसायला लागलं तसं माझंच पोट ढवळलं. उन्हाळ्यानं पाणी बरंच खाली गेलं आहे, काठाची माती भेगाळली आहे.

मोरी ह्यांनाही ठाऊक होती. गाडी आपोआप हळू झाली. कठडा तोच. त्याच्या पायथ्याशी, गवत जिथे झिजलं होतं, तिथे आता घाणेरी फुटली आहे.

"थांबायचं का?" ह्यांनी आरशातून विचारलं.

वेणू माझ्या मांडीवर हनुवटी टाकून झोपली होती. पुढचे दोन पाय झोपेत हलत होते, कुठेतरी धावत असल्यासारखे.

"नको. चालू द्या."

मेढ्यात वन्संच्या दारापाशी मी पत्र्यावर एक थाप दिली. तेव्हा तिला जाग आली. तिनं अंग ताणलं, दाराशी गेली, आणि मी आधी उतरेपर्यंत थांबली.